ऊन लागण्याची चिकित्सा : ज्वराध्याय कीं दग्धाध्याय?

(१)

अकोल्याहून पातूरमार्गें घाट चढून वाशीमकडे जातांना मेडशी हें गांव लागतें. पायनघाटाची सपाटी येथें मागें राहते व बालाघाटाचा उंच प्रदेश सुरू होतो. हल्लीं हें गांव वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत मोडतें. १९९८ सालीं वाशीम जिल्हा पुन्हां निराळा होईपर्यंत तें अकोला जिल्ह्यांत होतें. घाटाखालच्या अकोल्यास पारा सेल्सियसच्या ४७ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत. यावरून वैशाखांत या वाटेनें चालणाऱ्यावर काय प्रसंग येत असेल याची कल्पना करावी.

सुमारें ४० वर्षांपूर्वीं या गांवीं घडलेला एक प्रसंग प्रस्तुत लेखास कारण झाला, म्हणून तो प्रथम सांगतों. वैशाखांतील एका दुपारीं घाटाकडून पायीं आलेला एक मजूर रस्त्याकडेच्या निंबाखालीं कोसळला. अंग तव्यासारखें तापलेलें, त्वचा कोरडी, डोळे फिरलेले आणि तोंडानें असंबद्ध बडबड चाललेली. मी नुकताच संस्कृत शिकून मास्तरकीस लागलों होतों व चरकाचा ज्वरचिकित्सेचा अध्याय मला चांगला अवगत होता. त्या बळावर मीं जमलेल्या लोकांस सांगितलें कीं, यास वाऱ्यांतून उचलून आंत न्या, अंगावर पांघरूण घाला, पाणी मुळींच ओतूं नका आणि षडंगोदकाची तजवीज करा. तोंच एक वृद्ध बाई पुढें झाली व म्हणाली, "गुर्जी, हा ताप नाही. याले ऊन लागलं. पानी आना." तिनें त्या मजुराचा सदरा काढविला, रांजणांतील पाणी त्याच्या अंगावर ओतविलें, धोतर भिजवून छातीपोटावर पसरलें आणि दोन मुलांस सुपांनीं वारा घालावयास लाविलें. पाणी वाळलें कीं पुन्हां ओतावें आणि पुन्हां वारा घालावा, असा क्रम घटकाभर चालला. तेव्हां तो डोळे उघडून आपलें नांव सांगूं लागला. पुढें मिळालें त्या वाहनानें त्यास दवाखान्यांत नेलें व तो जगला.

माझें म्हणणें लोकांनीं मानलें असतें तर तो बहुधा जगला नसता, ही गोष्ट मला पुढें कित्येक वर्षांनीं उमगली. मीं सांगितलेलें ग्रंथांत नव्हतें असें नाहीं. मीं चुकीचा अध्याय उघडला होता. तो अध्याय कोणता, बरोबर अध्याय कोणता, आणि बरोबर अध्याय महाराष्ट्रांतील पढिकांच्या नजरेआड कां राहिला, याचा विचार येथें करावयाचा आहे.

(२)

'उष्माघात' हा शब्द नवा आहे. चरक, सुश्रुत व वाग्भट या बृहत्त्रयींत रोगाचें नांव म्हणून तो येत नाहीं. त्यामुळें ग्रंथाच्या शेवटची शब्दसूची पाहून शोध करणारास हा विकार प्राचीनांस ठाऊकच नव्हता असें वाटतें, व तो अंगाच्या उष्णतेवरून सरळ ज्वराकडे वळतो.

चरकाच्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय ज्वराचा आहे. ज्वराची उपपत्ति तेथें अशी दिली आहे कीं, दोष आमाशयांत शिरून कोष्ठांतील अग्नीस स्थानभ्रष्ट करतात, स्रोतसें रोधलीं जातात, म्हणून घाम येत नाहीं व सर्वांग तापतें. अर्थात् ही उष्णता आंतून बाहेर आलेली आहे. या उपपत्तीस अनुसरून नवज्वरांत लंघन, स्वेदन, कालप्रतीक्षा, यवागू आणि तिक्त रस यांची योजना सांगितली आहे. वर्ज्य गोष्टींच्या यादींत दिवसा झोपणें, अभ्यंग, अन्न, क्रोध, व्यायाम इत्यादींबरोबर स्नान व प्रवात, म्हणजे वाहता वारा, हीं दोन्हीं स्पष्ट गणलीं आहेत. त्याच अध्यायांत शीत परिषेक, अवगाहन, कमलपत्रांची शय्या, धारागृह यांचाहि उल्लेख आहे. परंतु परिषेक-अवगाहनाचा विधि जीर्णज्वरासाठीं आहे, व तोहि वैद्यानें शीत कीं उष्ण याचा विचार करून योजावयाचा आहे.

आतां मेडशीच्या निंबाखालचा रोगी डोळ्यांपुढें आणावा. त्यास दोनच गोष्टी हव्या होत्या, पाणी आणि वारा. आणि नवज्वराच्या निषेधांत नेमक्या याच दोन गोष्टी आहेत. ज्याच्या अंगांत आधींच बाहेरची उष्णता भरली आहे त्यास स्वेदन देणें म्हणजे तीत भर घालणें होय. चरकाचा यांत कांहीं दोष नाहीं. तो ज्वराविषयीं बोलत आहे, व हा विकार ज्वर नव्हे.

(३)

बरोबर अध्याय सुश्रुताच्या सूत्रस्थानांत, बारावा, अग्निकर्मविधि या नांवाचा आहे. शस्त्रवैद्यानें डाग कसा द्यावा हा त्याचा मुख्य विषय. परंतु त्याच ओघांत प्रमादानें भाजलेल्यांचे प्रकार, धुरानें गुदमरलेल्यांची लक्षणें व उपचार, आणि शेवटीं विजेनें होरपळलेल्यांचा विचार आला आहे. या मालिकेंतच सुश्रुत सांगतो कीं, उष्ण वारा व ऊन यांनीं जो दग्ध झाला त्यास सदा शीत विधि करावा; आणि थंडी, पाऊस व गार वारा यांनीं जो बाधित झाला त्यास स्निग्ध व उष्ण उपचार हितावह होत.

हें विधान लहान आहे, पण त्याचें स्थान व त्यांतील 'सदा' हा शब्द या दोहोंकडे लक्ष द्यावें. स्थानावरून असें दिसतें कीं, ग्रंथकारानें या विकाराचें वर्गीकरण लक्षणावरून न करितां कारणावरून केलें. अंग तापलेलें आहे एवढ्यावर तो थांबत नाहीं. तें कशानें तापलें हें पाहतो. बाहेरच्या अग्नीनें तापलें असल्यास ज्वलंत लाकूड, तापलेलें तेल, धूर, वीज आणि ऊन हीं सर्व एका कुळांतलीं ठरतात. 'सदा' या शब्दाचें महत्त्व तर त्याच अध्यायांतील प्लुष्टाच्या चिकित्सेशीं ताडून पाहिल्यावर कळतें. किंचित् भाजलेल्या प्लुष्ट अवस्थेंत सुश्रुत गार पाणी लावूं देत नाहीं. पाण्याच्या स्वाभाविक शैत्यानें रक्त थिजतें असें कारण देऊन तो तेथें उष्ण उपचारच सांगतो. दुर्दग्धांत शीत व उष्ण दोन्हीं सांगतो. म्हणजे भाजल्यावर गारवा द्यावा असा त्याचा सरसकट नियम नाहीं. प्रत्येक अवस्थेस निराळा विचार करणारा हा लेखक उन्हाच्या बाबतींत मात्र विकल्प ठेवीत नाहीं. भाजलेल्या कातडीस गार पाणी न लावण्याचें त्याचें मत आजच्या वैद्यकास मान्य नाहीं, हेंहि येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु त्या मतामुळेंच उन्हासंबंधीचा अपवाद अधिक उठून दिसतो.

याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रांत ४७ व्या अध्यायीं दाहाचे प्रकार आले आहेत. त्यांत तहान दाबून धरल्यानें होणारा दाह निराळा सांगितला आहे. शरीरांतील जलधातु क्षीण होऊन तेज उसळतें, गळा, टाळू व ओठ सुकतात, चित्त मंद होतें, जीभ बाहेर येते आणि अंग कांपतें, असें त्याचें वर्णन आहे. उपाय म्हणजे तेज शमवून जल वाढविणें. त्यासाठीं साखरेचें पाणी, दूध, गार उसाचा रस किंवा मंथ हवा तितका पाजावा. येथें भर पोटांत देण्यावर आहे; सूत्रस्थानांतील विधानांत शीत विधीवर आहे. आजचे वैद्य उन्हानें आलेली ग्लानि व प्रत्यक्ष उष्माघात असे दोन विकार मानतात. पहिल्यांत पाणी व मीठ कमी पडतें, पण भान शाबूत असतें; दुसऱ्यांत शरीराच्या आंतील उष्णता ४० अंशांवर जाऊन भान सुटतें. सुश्रुताचे दोन विभाग व हे दोन विकार एकच आहेत असें म्हणणें धाडसाचें होईल. तृष्णाजन्य दाहांतहि चित्ताची मंदता सांगितली आहे. परंतु पिण्याचा उपाय व बाह्य उपाय हे त्यानें दोन ठिकाणीं ठेविले, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

(४)

मग हें विधान लोकांच्या तोंडीं कां नाहीं? प्रस्तुत लेखकाच्या मतें त्याचें एक कारण पाठपरंपरेंत आहे. महाराष्ट्रांत वैद्यकाच्या अध्ययनांत वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा मान मोठा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली ती याच ग्रंथावर. हृदयाच्या सूत्रस्थानांत तिसावा अध्याय क्षाराग्निकर्माचा आहे. त्यांत भाजण्याचे चार प्रकार सुश्रुताप्रमाणेंच येतात, तापलेल्या स्नेहानें भाजल्याचीहि चिकित्सा येते; परंतु उष्ण वारा व ऊन यांचें विधान येत नाहीं. वाग्भटास संक्षेप करावयाचा होता, व त्यांत तें गळलें. जो विद्यार्थी हृदय पाठ करून वैद्य झाला, त्याच्याजवळ ऋतुचर्या भरपूर होती, ज्वरचिकित्सा भरपूर होती, पण ऊन लागून पडलेल्या मनुष्यासाठीं सुश्रुताचें तें वचन नव्हतें.

ऋतुचर्येचा भाग मात्र घरोघर उतरला. ग्रीष्मांत नव्या मातीच्या भांड्यांतील पानक, पाटलाच्या फुलांनीं व कापरानें सुवासित केलेलें गार पाणी, ओले पंखे, धारागृह हीं वाग्भटानें सांगितलीं आहेत. चरकानें ग्रीष्मासाठीं साखरेसह गार मंथ सांगितला. मंथ म्हणजे तुपानें माखून गार पाण्यांत कालविलेलें, फार पातळ नाहीं व फार दाट नाहीं असें सातूचें पीठ, अशी व्याख्या सुश्रुतानें दिली आहे. आपल्याकडील कैरीचें पन्हें भावप्रकाशांत आम्रप्रपानक या नांवानें आढळतें. कैरी शिजवून हातानें कोळावी, साखर, गार पाणी, कापूर व मिरें घालावें. हें पेय भीमसेनानें सिद्ध केलें असें तेथें म्हटलें आहे. बल्लवाच्या वेषांत विराटाच्या पाकशाळेंत राबलेल्या भीमाच्या नांवावर हें श्रेय असावें हें साहजिक होय. वऱ्हाडांत मुलांस पळसाच्या फुलांच्या पाण्यानें न्हाऊं घालतात, अक्षय्यतृतीयेस पाण्यानें भरलेला घट दान देतात, वाटेवर पाणपोई घालतात. हीं सर्व त्याच विचाराचीं लौकिक रूपें आहेत. परंतु हीं ऊन लागूं नये म्हणून करावयाचीं. ऊन लागल्यानंतर काय करावें, हें ज्ञान पोथीवांचून, त्या बाईसारख्यांच्या हातांतच टिकून राहिलें.

(५)

श्रीमंतांच्या घरीं थंडाव्याचीं साधनें अर्थात् मोठीं होतीं. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांच्या प्रसिद्ध यादींत आबदारखाना व शरबतखाना हे दोन निराळे गणले आहेत. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत आबदारखान्याचें वर्णन करितांना शोऱ्यानें पाणी गार करण्याची रीत दिली आहे. शोरा पाण्यांत विरघळतांना त्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. त्यांत तोंड बंद केलेलें पाण्याचें पात्र फिरवीत ठेविलें कीं आंतील पाणी गार होतें. बंदुकीच्या दारूंत आग निर्माण करणारा पदार्थ थंडाव्यास लाविला याचें त्यास कौतुक वाटतें. पुढें बादशहाचा मुक्काम पंजाबांत असतांना डोंगरांतून बर्फ येऊं लागलें. वाळ्याच्या मुळांचीं दालनें करून त्यांवर पाणी शिंपण्याची चालहि त्यानें नमूद केली आहे.

या साधनांपैकीं शोरा व बर्फ हीं खेड्यांत कोठून असावींत? परंतु वाळ्याच्या ताटीचें तत्त्व खेड्यांत होतेंच, कारण तेंच माठाचें तत्त्व आहे. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन जातें व जातांना माठाची उष्णता घेऊन जातें. त्या बाईनें मनुष्याचा माठ केला, इतकेंच. याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ६० किलो वजनाच्या मनुष्याचें शरीर ४२ अंशांवरून ३९ अंशांवर आणावयाचें तर सुमारें १५० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढावी लागते. १५ अंशांचें एक लिटर पाणी अंगावर ओतलें व तें ३५ अंशांपर्यंत तापून ओघळून गेलें, तर तें २० किलोकॅलरीच नेतें. तेंच लिटरभर पाणी अंगावरून वाफ होऊन गेलें तर सुमारें ५८० किलोकॅलरी नेतें. म्हणजे सिद्धांततः पाव लिटरहून थोडें अधिक पाणी पुरे. पुष्कळ पाणी ओघळून वायां जातें हें धरून अनेकपट लागलें, तरी तें एका रांजणांत मावतें. मात्र वारा नसेल तर वाफ होत नाहीं. म्हणून त्या दोन मुलांच्या हातांतील सुपांची योग्यता रांजणाहून कमी नव्हती.

(६)

उन्हाचा हा मारा राजकीय इतिहासांतहि निर्णायक होऊं पाहत होता, याचें एक उदाहरण शके १७८० (इ. स. १८५८) मधील आहे. झांशी पडल्यावर सर ह्यू रोज यानें तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व राणी लक्ष्मीबाई यांच्या सैन्याचा काल्पीकडे पाठलाग केला. ७ मे रोजीं कुंच येथें लढाई झाली. त्या दिवशीं गोरे शिपाई गोळीपेक्षां उन्हानें अधिक पडले. स्वतः रोज यासहि एकाहून अधिक वेळां ऊन लागलें, व अंगावर पाणी ओतून त्यास पुन्हां घोड्यावर बसविण्यांत आलें. रोज यानें आपल्या वृत्तांतांत असेंहि नमूद केलें आहे कीं, गोरे लोक उन्हांत लढून मरतात किंवा रुग्णालयांत जातात, सबब सकाळीं दहा वाजण्यापूर्वीं त्यांच्याशीं गांठ घालूं नये, अशी बंडवाल्या सेनापतींची आज्ञा आपल्या हातीं लागली. त्याच उन्हाळ्यांत काल्पीच्या वाटेवर तहानेनें व्याकुळ झालेल्या राणीची विहिरीपाशीं भेट झाल्याचें विष्णुभट गोडसे यांनीं 'माझा प्रवास' मध्यें लिहिलें आहे. ऊन दोन्हीं बाजूंस सारखेंच होतें. एका बाजूनें त्याचा शस्त्रासारखा उपयोग करण्याचें योजिलें होतें.

या काळच्या युरोपीय वैद्यकाविषयींहि एक गोष्ट सांगणें न्याय्य होईल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंदुस्थानांतील पलटणींत ऊन लागलेल्या शिपायाची शीर तोडून रक्त काढण्याची रीत चालत असे. ज्याच्या शरीरांतील पाणी आधींच आटलें त्याचें रक्त काढणें किती घातक हें सांगावयास नको. ती रीत क्रमानें मागें पडली व गार पाण्याच्या धारेस मान मिळाला. अनुभवानें अध्याय बदलावा लागला, असेंच याचें वर्णन करितां येईल.

(७)

आजचें शास्त्र या बाबतींत काय म्हणतें? ज्वरांत मेंदूंतील उष्णतेची मर्यादाच वर सरकलेली असते. ऊन लागल्यानें ती सरकत नाहीं, बाहेरून येणारी व श्रमानें उपजणारी उष्णता बाहेर टाकण्याचें सामर्थ्य संपतें. म्हणूनच तापावरच्या गोळ्यांचा येथें उपयोग होत नाहीं. सुश्रुताच्या वर्गीकरणांतील तत्त्वाशीं, म्हणजे हा ज्वर नव्हे या गोष्टीशीं, हें जुळतें. मक्केच्या यात्रेकरूंसाठीं खोगली व वाइनर या वैद्यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेल्या साधनांत रोग्यास जाळीवर निजवून त्याच्यावर पाण्याचे सूक्ष्म तुषार व उष्ण हवेचा झोत सोडीत असत. गार वाऱ्यानें कातडीच्या रक्तवाहिन्या आखडूं नयेत हा उष्ण हवेचा हेतु. वैशाखांतील सुपाचा वारा उष्णच असतो, हें येथें ध्यानांत यावें.

परंतु जुन्याचें सर्वच खरें असें मानण्याचें कारण नाहीं. खिशांत ठेविलेला कांदा उन्हापासून राखतो असा समज वऱ्हाडांत दृढ आहे. त्यास आधार नाहीं. तळव्यांस कांद्याचा रस चोळण्यांत ओलाव्यापलीकडे गुण असल्याचाहि पुरावा नाहीं, आणि कांदे शोधण्यांत जो वेळ जातो तो रोग्याच्या आयुष्यांतून जातो. पहिल्या अर्ध्या तासांत अंग निवलें पाहिजे. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडांत पन्हें किंवा पाणी घालणें तर घातकच. तें श्वासनलिकेंत उतरतें. प्रथम अंग गार करावें, व त्याच वेळीं दवाखान्याची वाट धरावी.

देशपरत्वेंहि भेद करावा लागतो. वऱ्हाडच्या कोरड्या हवेंत पाणी व वारा यांवर भिस्त ठेवितां येते. कोंकणच्या दमट हवेंत वाफ होण्याची क्रिया मंदावते. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभास आलेल्यांपैकीं १४ जणांचे प्राण उन्हानें गेले. तेथें पारा अकोल्याच्या मानानें बराच खालीं होता. अशा हवेंत नुसत्या वाऱ्यावर विसंबूं नये; गार पाणी अखंड ओतणें, शक्य तर मान पाण्यावर धरून रोग्यास त्यांत बसविणें, बगलेंत व जांघेंत बर्फ ठेवणें हें करावें. श्रम करितांना पडलेल्या तरुण मनुष्यास बर्फाच्या पाण्यांत बुडविणें हा तर सर्वांत शीघ्र उपाय ठरला आहे.

(८)

शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंति. जुन्या घरांतील बाडांतून स्तोत्रें, हिशेब व पंचांगाचीं पानें यांच्यामध्यें औषधांच्या याद्या असतात. आपण त्यांची सूची करितों तेव्हां अंग तापल्याचा उल्लेख दिसला कीं 'ज्वर' या सदराखालीं नोंद घालून मोकळे होतों. तसें करूं नये. 'ऊन', 'झळ', 'तलखी', 'दाह' हे शब्द मूळांत जसे असतील तसेच उतरून घ्यावेत. यादींत त्यांच्या मागेंपुढें कोणते विकार आहेत, भाजण्याच्या औषधांजवळ तीं टिपणें आहेत कीं तापाच्या, हेंहि लिहावें. आणि ऋतु, गांव व लिहिणाराचा व्यवसाय समजत असल्यास तो सोडूं नये. अशीं टिपणें पुरेशीं जमलीं, तर सुश्रुताचें तें लहानसें विधान महाराष्ट्रांत कोठकोठें पोंचलें होतें व कोठें लोकांनीं तें स्वतःच्या अनुभवानें पुन्हां शोधून काढलें, याचा निर्णय करितां येईल.

मेडशीच्या त्या बाईस अक्षरओळख नव्हती. तिचें ज्ञान कोणत्याहि बाडांत उतरलें नाहीं व तिच्याबरोबर तें गेलें. तिनें ज्या मनुष्यास वांचविलें त्याच्यासमोर उभा राहून मीं चुकीच्या अध्यायाचा आधार दिला होता, हें येथें नमूद करून ठेवणें मला कर्तव्य वाटतें.